एकतीस नंबरची स्लाइड

बाई सकाळी प्रयोगशाळेत आल्या की आधी कुलपाकडे बघायच्या आणि मग कुलूप उघडणाऱ्या काकांकडे. कुलूप बावीस वर्षं तेच होतं, काकाही तेच होते, पण बघितल्याशिवाय बाईंना चैन पडत नसे. मग स्पिरिटच्या बाटलीवर काल पेनानं मारलेली खूण तपासायची, सूक्ष्मदर्शकांची कव्हरं उचलून बघायची, आणि शेवटी कपाटातून लाकडी पेटी काढून तिच्यातल्या चाळीस काचा एकेक करून बोटानं चाचपायच्या. विद्यार्थी त्यांना भिंगबाई म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं. नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं याबद्दलही त्यांचा एकावर संशय होता, आणि तो बहुधा खरा होता.

"आपल्या धंद्यात विश्वास ठेवला की पेशंट जातो," असं त्या दरवर्षी पहिल्याच तासाला सांगत. धंदा म्हणजे रक्त-लघवी तपासणाऱ्या तंत्रज्ञांना शिकवण्याचा. दोन वर्षांचा कोर्स, बेचाळीस मुलंमुली, पंधरा सूक्ष्मदर्शक आणि त्यातले चार कायमचे आजारी. वर्षाच्या शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा. पेटीतल्या दहा स्लाइड दहा टेबलांवर मांडायच्या, विद्यार्थ्यानं प्रत्येकीसमोर बसून नळीला डोळा लावायचा आणि काय दिसतंय ते कागदावर लिहायचं. इतर चुका बाई पोटात घालत. एकतीस नंबरची स्लाइड चुकली तर मात्र सरळ नापास, हा नियम त्यांनी स्वतः घातला होता आणि कॉलेजनं मान्य केला होता. कारण एकतीस नंबरवर मलेरिया होता. मलेरिया ओळखता येत नसेल त्यानं घरी बसावं, लोकांच्या जिवाशी खेळू नये, असं बाईंचं म्हणणं. त्यात चुकीचं काय आहे?

ती स्लाइड त्यांच्या धाकट्या भावाच्या रक्ताची होती. बाई तेव्हा नुकत्या नोकरीला लागल्या होत्या. भाऊ तापानं फणफणला होता आणि दोन डॉक्टर साधा ताप म्हणून सोडून देत होते. बाईंनी त्याचं बोट टोचलं, काच रंगवली, दोन तास मान मोडून बघितलं आणि एका तांबड्या पेशीत मलेरियाच्या जंतूची जांभळी अंगठी शोधून काढली. औषध बदललं, चौथ्या दिवशी ताप उतरला. तेव्हापासून घरात कार्य असो की भांडण, धाकटा चारचौघांत सांगायचा, "मी आज दिसतोय तो ताईच्या डोळ्यांमुळे." बाई "पुरे रे" म्हणायच्या आणि तो पुरे करणार नाही याची काळजी घ्यायच्या.

यंदाच्या परीक्षेत मात्र त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सोमवारी सकाळी पहिली मुलगी बसली, नळीला डोळा लावला, उठली. मग दुसरा. मग तिसरी. बाईंनी यंदा पहिल्यांदाच मनगटावरच्या घड्याळात मोजलं. एका स्लाइडला आठ सेकंद. बाई शिकत होत्या तेव्हा त्यांना पाच मिनिटं लागत, आणि त्या वर्गात पहिल्या होत्या. कॉपी म्हणावं तर कागद नाही, खुणा म्हणाव्यात तर कुणी कुणाकडे बघत नाही. उत्तरं एकजात बरोबर. एकतीस नंबरला एक्केचाळीस जणांनी मलेरिया लिहिलं होतं.

उरलेली एक होती टेलरची मुलगी. कॉलेजच्या गेटासमोर तिच्या वडिलांचं कपडे लहानमोठे करून देण्याचं दुकान होतं, आणि तास संपला की ही तिथं बसून काजं करायची. वर्गात दोन वर्षांत ती दोनदा बोलली असेल. ती एकतीस नंबरसमोर सात मिनिटं बसली. फोकस जुळवायचा बारीक स्क्रू पुढे-मागे, पुढे-मागे फिरवत राहिली. मागे रांगेत उभे असलेले कुरकुरायला लागले तेव्हा तिनं लिहिलं, 'प्लेटलेट', म्हणजे निरोगी रक्तातही असणारा साधा कण, आणि उठली. बाईंनी त्यावर लाल रेघ मारली. सात मिनिटं बघून ही चूक? हिला कुणीतरी चुकीची चिठ्ठी दिली असणार, असं त्यांना वाटलं.

त्या मुलीला एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली होती. एक तारखेला पास झाल्याचा कागद दाखवायचा आणि रुजू व्हायचं. नाही दाखवला तर जागा यादीतल्या पुढच्याला, आणि परीक्षा पुढच्या वर्षी. निकाल शनिवारी लागायचा होता, पण लाल रेघ मुलीनं बघितली होती. मंगळवारी वडील गळ्यात टेप घेऊनच गेटाशी आले.

"बाई, पोरीचं काय चुकलं?"

"मलेरियाला प्लेटलेट म्हणाली."

"म्हणजे काय हो?"

"म्हणजे एखाद्याचा जीव जाईल उद्या."

"कालपासून जेवली नाही ती. मशिनवर बसते आणि नुसतं पायडल मारते. दोरा पण घालत नाही."

बाईंना वाईट वाटलं. पण वाईट वाटून नियम बदलत नसतात, असं त्या म्हणाल्या आणि आत आल्या. ते आठ सेकंद काही डोक्यातून जाईनात. कुठंतरी पाणी मुरत होतं. त्यांनी दार लावून घेतलं आणि प्रयोगशाळेची झडती घेतली. बाकांच्या खाली काही नाही, ड्रॉवरमध्ये काही नाही. शेवटी एका सूक्ष्मदर्शकाचं कव्हर उलटं केलं तर आतल्या बाजूला पेनानं एका ॲपचं नाव आणि खाली सहा अक्षरं लिहिलेली. दुसरं उलटं केलं. तीच सहा अक्षरं. पंधराही कव्हरांवर तीच, आजारी चौघांच्यासुद्धा. बाई रोज ही कव्हरं उचलत होत्या, फक्त वरून.

काकांना बोलावलं. काकांनी अक्षरं बघितली आणि चष्मा पुसायला घेतला.

"काका, हे काय आहे?"

"मुलांचं काहीतरी असेल, बाई. मोबाइलमध्ये टाकतात म्हणे."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"मला कुठं काय माहीत असतं," काका म्हणाले, आणि बाई घरी जाईपर्यंत ते त्यांच्या समोर आले नाहीत.

घरी दुपारी बाईंनी ते ॲप मोबाइलमध्ये घेतलं. यजमान पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले, शब्दकोड्यातून मान वर न काढता म्हणाले, "काय गं, आता या वयात हेरगिरी?"

"अहो, गप्प बसा जरा. हे नाव विचारतंय. काय सांगू?"

"खोटं सांग. हेर काय खरं नाव सांगतात?"

बाईंनी 'नवीन' असं नाव टाकलं आणि ती सहा अक्षरं घातली. समोर कोर्स उघडला. नाव होतं 'भिंगबाईंची पेटी (संपूर्ण)'. कार्डं चाळीस. सभासद तीनशे सहा. बाईंच्या हातातला चहा तसाच राहिला.

प्रत्येक कार्डावर पेटीतल्या एका स्लाइडचा फोटो, मोबाइल नळीला लावून काढलेला. खाली चार उत्तरं. बरोबर उत्तरावर बोट ठेवलं की कार्ड तीन दिवसांनी पुन्हा यायचं, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. चुकलं की पाच मिनिटांत दत्त म्हणून उभं, आणि दुसऱ्या दिवशी परत. कुणी किती पाठ केलं त्याचा तक्ता होता. कोण कुठं चुकलं तेही कार्डाखाली दिसत होतं. आणि उत्तर दिल्यावर कार्ड उलटलं की मागे टिपा होत्या, सात वर्षांच्या सात बॅचेसच्या, एकाखाली एक.

कार्ड सात: 'परीक्षेसाठी: डाव्या कोपऱ्यात चरा.' कार्ड बारा: 'परीक्षेसाठी: हवेचा बुडबुडा दिसला की जंताचं अंडं, पुढे बघू नका.' कार्ड एकोणीस: 'परीक्षेसाठी: काचेची कड तुटली आहे. लघवीतले खडे.' आणि कार्ड चोवीसखाली, कुणीतरी मोठ्या प्रेमानं: 'बाईंनी घसा खाकरला की उत्तर चुकलंय, लगेच खोडा.'

असं होतं तर. पोरं पेशी ओळखतच नव्हती, काच ओळखत होती. बाईंनी वही काढली आणि एकेक टीप तारखेसकट उतरवून घेतली. शनिवारी निकालाच्या आधी ही वही प्राचार्यांच्या टेबलावर ठेवायची आणि बेचाळीसच्या बेचाळीस घरी बसवायचे. प्रत्येक टिपेत 'परीक्षेसाठी'च्या खाली 'कामासाठी' अशीही एक ओळ होती. ती बाईंनी उतरवली नाही, कारण ती गुन्ह्यात बसत नव्हती.

संध्याकाळपर्यंत त्यांनी तीस कार्डं बिनचूक उडवली. यजमानांना आजचा तक्ता दाखवला. "बघा, पहिली आले."

"स्वतःच्याच पेटीत पहिली आलीस," ते म्हणाले. "पेढे वाटू का?"

मग एकतिसावं कार्ड आलं. धाकट्याचं रक्त. बाईंनी न बघता 'मलेरिया'वर बोट ठेवलं. पडदा लाल झाला. चूक. त्यांना वाटलं बोट घसरलं. पाच मिनिटांनी कार्ड पुन्हा आलं. पुन्हा मलेरिया, पुन्हा लाल. कार्ड उलटलं. मागे होतं:

'परीक्षेसाठी: मलेरिया लिहा. बाईंच्या भावाचं रक्त आहे, वाद घालू नका, नापास व्हाल. कामासाठी: ही तांबड्या पेशीवर बसलेली प्लेटलेट आहे. असं दिसलं की बारीक स्क्रू फिरवा. जंतू पेशीच्या आत असतो, पेशीबरोबरच स्पष्ट होतो. प्लेटलेट वर बसलेली असते, ती आधी स्पष्ट होते आणि पेशी नंतर. आमच्या सीनियरच्या वहीतही हेच होतं.'

खाली सात वर्षांची 'समजलं', 'समजलं', 'समजलं'.

बाई मोठ्यानं म्हणाल्या, "काय अक्कल पाजळली आहे." पण यजमानांना काय झालं ते सांगितलं नाही. बुधवारी ते कार्ड पुन्हा आलं. त्यांनी मुद्दाम, ठासून मलेरिया म्हटलं. गुरुवारी पुन्हा आलं आणि वर एक सूचना घेऊन आलं: 'हे कार्ड तुम्हाला अवघड जात आहे. थोडा वेळ देऊन नीट बघा.' बावीस वर्षं जे वाक्य त्या दुसऱ्यांना सांगत आल्या ते त्यांना मोबाइल सांगत होता.

त्याच दुपारी सभासदांच्या गप्पांत कुणीतरी लिहिलं, 'हा नवीन कोण आहे? दोन दिवसांत एकोणचाळीस कार्डं पाठ आणि एकतीस रोज चुकतं. जपून राहा.'

खाली दुसऱ्यानं लिहिलं, 'एकतीसला मलेरिया म्हणणारं जगात एकच माणूस आहे.'

त्यानंतर कुणी काहीच लिहिलं नाही. तीनशे पाच माणसं एकदम चिडीचूप झाली, आणि बाईंना आपल्याच स्वयंपाकघरात उघडं पडल्यासारखं वाटलं.

शुक्रवारी त्या काकांच्याही आधी कॉलेजात पोचल्या. काका किल्ली घेऊन आले तेव्हा बाईंनी कुलपाकडे बघितलं नाही. पेटी काढली, एकतीस नंबर काढली, तेलाचा थेंब टाकला आणि मोठी लेन्स लावली. बावीस वर्षं त्या ही स्लाइड परीक्षेच्या सकाळी लावत होत्या. जांभळा ठिपका मधोमध आला की उठत होत्या. त्यालाही साधारण आठ सेकंदच लागत असतील. या वेळी त्या बसल्या आणि बारीक स्क्रू फिरवला.

ठिपका स्पष्ट झाला. त्याच्याभोवती फिकट कडं होतं. तांबडी पेशी धूसर. आणखी किंचित फिरवला. पेशीची कड स्पष्ट झाली आणि ठिपका विरघळल्यासारखा पुसट झाला. उलटा फिरवला. पुन्हा तसंच. त्यांनी काच पुसून बघितली, दुसऱ्या सूक्ष्मदर्शकावर बघितली, तिसऱ्यावर बघितली. ठिपका पेशीच्या आत नव्हताच, वर बसला होता, आणि बावीस वर्षं तिथंच बसून होता.

बाईंना लाज वाटली. मग लाजेपेक्षा जास्त भीती वाटली. बावीस बॅचेस. एवढी पोरं कुठल्या कुठल्या हॉस्पिटलांत बसून रक्त बघत असतील, आणि आपण त्यांना हे शिकवलं. आणि मग लक्षात आलं की आपण शिकवलं असलं तरी ती हे शिकलेली नाहीत. त्यांनी मोबाइल काढला आणि सोडून दिलेल्या 'कामासाठी'च्या ओळी पहिल्या कार्डापासून वाचल्या. सगळ्या अचूक होत्या. काही तर बाईंच्या नोट्सपेक्षा बऱ्या होत्या. पोरांनी परीक्षा बाईंसाठी दिली होती आणि विद्या स्वतःसाठी ठेवली होती. सांगायला मात्र एकही आला नव्हता, आणि का आला नाही हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. धाकट्याचा ताप मग आपोआपच उतरला असणार. त्याला काय सांगायचं ते नंतर बघू, असं म्हणून त्यांनी तो विचार बाजूला ठेवला.

त्या प्राचार्यांकडे गेल्या ते सगळं सांगून टाकायचं ठरवूनच. पण सुरुवात झाली ती "सर, त्या टेलरच्या मुलीच्या उत्तराबद्दल मला जरा शंका आहे" अशी. प्राचार्यांनी पुढचं ऐकलंच नाही.

"बाई, मलाही वाईटच वाटत होतं. तिची जागा जाईल. असं करू, उद्या निकालाच्या आधी तिची तोंडी फेरपरीक्षा घ्या. माझ्यासमोर, ती एकच स्लाइड. बरोबर सांगितलं की पास. कुणी काही म्हणणार नाही."

"बरोबर म्हणजे..."

"मलेरिया. तुमचीच उत्तरपत्रिका आहे माझ्याकडे," प्राचार्य म्हणाले आणि फोन उचलला.

तिथंच बोलायला हवं होतं. बाई बोलल्या नाहीत. उद्या बघू म्हणाल्या आणि बाहेर आल्या. झाकली मूठ अजून झाकलेली होती, आणि ती उघडायला माणसाचा हात इतक्या सहज वळत नाही.

शनिवारी दहा वाजता मुलगी आली. वडील गेटाशी उभे राहिले. प्रयोगशाळेत प्राचार्य खुर्चीवर, काका दाराशी, बाई सूक्ष्मदर्शकाजवळ. वही पिशवीतच होती. मुलगी बसली, डोळा लावला, आणि आठ सेकंदांत मान वर केली.

"मलेरिया," ती म्हणाली.

"छान," प्राचार्य म्हणाले. "झालं. पास. बाई, सही करून टाका."

बाईंच्या हातात पेन होतं. सही केली की सगळं जिथल्या तिथं राहणार होतं. मुलीला नोकरी, कॉलेजला शांतता, धाकट्याला त्याची गोष्ट. मुलगी पास व्हावी हेच तर हवं होतं. पण ती बोलताना नळीकडे बघत नव्हती, बाईंच्या तोंडाकडे बघत होती. उद्या ही हॉस्पिटलात बसेल आणि अशीच डॉक्टरांच्या तोंडाकडे बघून उत्तर देईल. सात मिनिटं बसणारी एकच पोरगी होती या वर्गात, आणि तिला हे आपण शिकवलं, एका लाल रेघेत.

"नाही," बाई म्हणाल्या. "पुन्हा बघ."

 मुलीनं दाराकडे बघितलं. "मलेरियाच आहे, बाई."

"स्क्रू फिरवून बघ."

"बघितलं. मलेरिया."

"तू सोमवारी प्लेटलेट लिहिलं होतंस."

"चुकून लिहिलं."

"सात मिनिटं बसून चुकून?"

 हा कसला सापळा आहे हे मुलगी शोधत होती. दोन वर्षं बाईंच्या वर्गात काढलेल्या माणसाला बाई सापळा लावतात हे सांगावं लागत नाही.

"टीप वाचली होतीस ना तू?" बाईंनी विचारलं. "मलेरिया लिहा म्हणून?"

ती म्हणाली, "वाचली होती. पण बघितल्यावर हात गेला नाही."

"कसली टीप?" प्राचार्यांनी विचारलं.

बाईंनी त्यांच्याकडे न बघता सांगितलं, एका दमात, नाही तर राहिलं असतं. "सर, ती प्लेटलेट आहे. पहिल्यापासून प्लेटलेटच आहे. बावीस वर्षं मी चुकीची शिकवते आहे. हिचं सोमवारचं उत्तर बरोबर होतं आणि मी तिला नापास केलं. मी काल पहिल्यांदा ती स्लाइड नीट बघितली."

 दाराशी काकांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. मुलगी मात्र अजून बाईंकडेच बघत होती, डोळे बारीक करून, ज्या नजरेनं बाई रोज सकाळी काकांकडे बघत त्याच नजरेनं.

"बाई, खरंच?"

"खरंच."

"मग मी आता प्लेटलेट म्हटलं तर चालेल?"

"मला चालेल म्हणून नको. तुला काय दिसतं ते सांग."

तिनं पुन्हा डोळा लावला. या वेळी ती घाईत नव्हती. स्क्रू पुढे-मागे, पुढे-मागे. गेटाशी उभ्या असलेल्या वडिलांनी दोनदा आत डोकावलं असेल. मग मान न उचलता ती म्हणाली, "प्लेटलेट." आणि थोडं थांबून, "हे लेखी द्याल का, बाई?"

प्राचार्य खुर्चीत सरसावले, पण बाईंनी त्यांना हातानं थांबवलं. त्यांना राग आला नव्हता. आपण दोन वर्षांत या पोरीला काहीतरी शिकवलं, असं उलट त्यांना वाटलं. त्यांनी सोमवारचा पेपर काढला, लाल रेघेवर आडव्या दोन रेघा मारल्या आणि लिहिलं, 'स्लाइड क्रमांक एकतीस, प्लेटलेट. विद्यार्थिनीचं उत्तर बरोबर. चूक माझी.' खाली सही केली, तारीख घातली आणि कागद पुढे केला.

मुलीनं तो दोनदा वाचला. खिडकीच्या उजेडात धरून सही बघितली. मग परत बाईंच्या समोर ठेवला.

"शिक्का राहिला, बाई," ती म्हणाली.

बाईंनी काकांना शिक्का आणायला पाठवलं.